सासूबाई, मोटरसायकल आणि न दिसणारं वळण

नेदरलँड्समध्ये डोंगर नाहीत, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. सांगणाऱ्यांपैकी एकानेही सासूबाईंना मागे बसवून दक्षिण लिम्बुर्गमध्ये मोटरसायकल चालवलेली नव्हती.

लॉकडाऊनच्या वर्षातली गोष्ट. आम्ही आइंडहोवनला राहतो. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावरून ऑफिस करायचे आणि माझा नवरा मिलिंद बेडरूममधून. दुपारी जेवायला ये म्हणून मी त्याला मीटिंगचं आमंत्रण पाठवायचे. (त्यालाही तो कधीकधी ‘नक्की नाही’ असं उत्तर द्यायचा.) हिवाळ्यात थोड्या दिवसांसाठी म्हणून आलेल्या माझ्या सासूबाई विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकल्या होत्या. अडकल्या हा आमचा शब्द. त्या म्हणायच्या, “मी राहिलेय.”

सासूबाई साताऱ्याला मुलींच्या शाळेत पी.टी.च्या शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कोणी पोक काढून बसलेलं दिसलं की त्या अजून पाठीत बोट खुपसतात. मिलिंदची व्हिडिओ मीटिंग चालू असताना हे बोट त्याच्या ऑफिसातल्या साहेबांपासून सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

त्या दिवसांत आमच्या ओळखीतले लोक घरी ब्रेड भाजायला शिकले. मी मोटरसायकलच्या क्लासला नाव घातलं.

कारण विचाराल तर असं खास काही नव्हतं. पुण्यात माझ्या भावाला अठराव्या वर्षी मोटरसायकल मिळाली आणि मला स्कूटी, कारण “मुलींना पेलत नाही.” तेव्हा मी गप्प बसले. पुढे नोकरी, लग्न, परदेश, मुलगी, तिची शाळा, या सगळ्यात ते मागे पडलं. आणि मग एक दिवस जगच बंद पडलं, तेव्हा वाटलं, आता जर पेलून बघितलं नाही तर कधी?

मी ही बातमी फॅमिली ग्रुपवर टाकली आणि दादाचा पुण्याहून लगेच व्हिडिओ कॉल आला.

“सुजाता, पन्नाशी आली आपली. गुडघे सांभाळ.”

“गुडघे जमिनीला टेकवायचे नसतात दादा, टाकीला टेकवायचे असतात.”

“अगं पण तिथे सायकली आहेत ना चांगल्या?”

“आहेत. तू पुण्यात चालवतोस का?”

कॉल कट झाला. (नेटवर्क गेलं असं तो अजून म्हणतो.) युट्रेख्टला शिकणाऱ्या आमच्या मुलीने एवढंच लिहिलं, “ओके मम्मा, बट व्हाय?” आणि मिलिंदने तर संध्याकाळी जेवताना मला अपघातांचे तक्ते दाखवले, रंगीत. मी वरण वाढून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी लेदरचे बूट मागवले.

क्लासमधल्या मास्तरांचं नाव योप. भला मोठा माणूस, पांढऱ्या मिशा, आवाज कायम एकाच पट्टीत. ते मागून त्यांच्या मोटरसायकलवर यायचे आणि माझ्या हेल्मेटमधल्या स्पीकरवरून बोलायचे. माझी उंची पाच फूट एक इंच. गाडी चालू असताना याने काही बिघडत नाही, गाडी थांबते तेव्हा बिघडतं. पहिल्याच दिवशी मी सिग्नलला थांबले, पाय टेकवायला गेले आणि जमीन अपेक्षेपेक्षा लांब निघाली. योप कानात शांतपणे म्हणाले, “हे आता होऊन गेलं. उठा.”

आइंडहोवन परातीसारखं सपाट आहे. चढ शिकवायचा तर योप हायवेवरच्या पुलावर घेऊन जायचे. आमच्याकडचा सगळ्यात उंच डोंगर तोच. त्या पुलाच्या अलीकडे थांबून ते विचारायचे, “पलीकडे काय आहे?”

“रस्ता.”

“दिसतोय?”

“नाही.”

“मग रस्ता आहे असं कशाला धरता? गाय आहे असं धरा. पलीकडे झोपलेली गाय आहे.”

त्यांचा एकच नियम होता. जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. चढाच्या टोकाशी जाताना वेग आधीच कमी, आपल्या बाजूलाच राहायचं. वळणावर रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या वाटतात तिथे नजर ठेवायची. तो बिंदू पुढे पळत असला तर ठीक, आपल्या अंगावर येत असला तर वळण आवळतंय, वेग अजून कमी करायचा. हे सगळं मी इतकं घोकलं की भाजी चिरतानासुद्धा फ्रीजच्या पलीकडे गाय दिसायची.

परीक्षा पास झाले. एक जुनी, बुटकी, लाल मोटरसायकल घेतली. मग मी जाहीर केलं, की मी रविवारी लिम्बुर्गला जाणार. देशाच्या तळाशी, बेल्जियम आणि जर्मनीच्या बेचक्यात, खरेखुरे डोंगर आहेत. टेकड्या म्हणा हवं तर. पण खऱ्या.

मिलिंद म्हणाला, “एकटी जाणारेस? त्या रस्त्यांवर? आणि तुझ्या मागे तर कोणी शहाणं माणूस बसणार नाही.”

सासूबाई मटार सोलत होत्या. त्यांनी ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, “मी बसते.”

“आई, तू एकाहत्तर वर्षांची आहेस.”

“वय मागे बसणाऱ्याचं बघतात का चालवणाऱ्याचं?”

मिलिंदने दोन अटी घातल्या. एक, फोनवर आमचा ठिपका त्याला सतत दिसला पाहिजे. दोन, दोघींनी चमकत्या पट्ट्यांची पिवळीधमक जाकिटं घालायची. दुसऱ्या अटीचे पुढे जे परिणाम झाले त्याला तो जबाबदार आहे, हे इथे नोंदवून ठेवते.

ऑक्टोबरचा रविवार, स्वच्छ ऊन. हॉटेलं, कॅफे नुकतेच पुन्हा बंद झाले होते आणि घराबाहेर चारपेक्षा जास्त माणसांनी एकत्र जमायचं नाही असा नियम लागला होता. आम्ही दोघीच होतो, त्यामुळे कायद्याच्या चांगल्याच आत होतो. सासूबाईंनी मिलिंदची बर्फातली पँट घातली, कमरेला ओढणी आवळली, आणि हनुवटीपाशी उघडं असलेलं हेल्मेट घेतलं, कारण बंद हेल्मेटात श्वास कोंडतो. निघण्याआधी मी सूचना दिली.

“आई, वळणावर मी झुकेन तेव्हा तुम्हीही माझ्याबरोबर झुका.”

“सुजाता, मी आयुष्यात कोणापुढे झुकले नाही.”

हायवे सरळ होता, त्यामुळे तत्त्वाचा प्रश्न आला नाही. लिम्बुर्गमध्ये पहिल्या डाव्या वळणावर मी डावीकडे झुकले आणि सासूबाई उजवीकडे. मोटरसायकलला कोणाचं ऐकावं ते कळेना, ती मधल्यामध्ये सरळ निघाली. वेग कमी होता म्हणून आम्ही गवताच्या कडेशी थांबलो.

“आई, झुकायचं कसं ते सोडून द्या. फक्त माझ्या खांद्यावरून वळणाच्या आतल्या बाजूला बघा.”

“बघायचंच ना? मग तसं सांग की.”

त्यानंतर ते जमलं. रस्ते अरुंद होत गेले, दोन्हीकडे उंच बांध, वर झाडी, खाली ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला बिटाच्या शेतातला चिखल. वळणापलीकडचं काही दिसत नव्हतं. सासूबाईंनी पाठीवर थाप मारली.

“हॉर्न दे.”

“इथे नाही देत, आई. इथे हॉर्न म्हणजे शिवी.”

“मग पलीकडच्याला कळणार कसं, आपण येतोय ते?”

“कळलं नाही तरी चालतं. मी थांबता येईल एवढ्याच वेगात चाललेय.”

“तू थांबशील गं. त्याचं काय?”

हे योपनी शिकवलं नव्हतं. पुढच्या वळणाआधी माझ्या कानामागे अशी कर्कश शिट्टी वाजली की माझ्या तोंडून योपच्या मिशाही थरारतील असा डच शब्द निघाला. सासूबाईंनी पी.टी.ची शिट्टी बरोबर आणली होती. पितळी, आत मटारएवढी गोळी.

“आई, हे काय?”

“शिवी नाहीये ही. सूचना आहे.”

मी विरोध केला, पण मनापासून नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. दादा, मिलिंद, ग्रुपवरचे अंगठे न देणारे सगळे नातेवाईक मागे राहिले होते आणि आम्ही दोघी डोंगरात होतो. प्रत्येक वळणाआधी मी वेग कमी करत होते, कडा बघत होते, गाय धरत होते. सासूबाई शिट्टी मारत होत्या. एका वळणानंतर सायकलवाल्यांचा एक जथा रस्त्याच्या कडेला एका ओळीत, पाय टेकून, निमूट उभा असलेला भेटला. सासूबाईंनी त्यांना हात केला. त्यांनीही केला, जरा घाबरून.

मग तो चढ आला. सरळ वर जाणारा, टोकाला नुसतं आकाश. मी वेग उतरवला, पहिल्या गिअरच्या जवळ आणला. सासूबाईंनी लांब शिट्टी मारली, जोडीला दोन छोट्या. आम्ही टोकावर पोचलो. पलीकडे रस्ता लगेच उतरत होता आणि उतरता उतरता उजवीकडे वळत होता, एका उंच कुंपणामागे. दोन्ही कडा भराभर माझ्या अंगावर येत होत्या. वळण आवळत होतं. मी आणखी वेग कमी केला, पायी चालल्यासारखा, आणि वळले.

रस्त्याच्या मधोमध आरामखुर्ची होती. खुर्चीत एक आजोबा होते.

मी ब्रेक मारले. घाबरून नव्हे, शिकवल्याप्रमाणे, दोन्ही, हळूहळू आवळत. मोटरसायकल सरळ रेषेत, न घसरता, आजोबांच्या पांघरुणापासून चांगली लांब थांबली. असं थांबणं मला परीक्षेतसुद्धा जमलं नव्हतं. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की पाय टेकायचं ध्यानात राहिलं नाही. राहिलं तेव्हा उजवा पाय खाली सोडला. त्या बाजूला रस्ता संपून उतार लागत होता. जमीन नेहमीपेक्षाही लांब होती.

आम्ही सावकाश पडलो. इतक्या सावकाश की सासूबाईंना “अगं, अगं, अगं” असं तीनदा म्हणायला वेळ मिळाला. मी ओल्या गवतात, माझ्यावर सासूबाई, आणि आमच्या शेजारी मोटरसायकल, दमलेल्या म्हशीसारखी आडवी.

“लागलं का?” मी विचारलं.

“मला काही नाही. मी तुझ्यावर पडलेय.”

आजोबा खुर्चीतून वाकून आमच्याकडे बघत होते. डोक्यावर कागदी मुकुट. त्यांच्या मागे लांब टेबल, पताका, अर्धे प्यायलेले ग्लास, बऱ्याच रिकाम्या खुर्च्या. माणूस एकही नाही. वारा नव्हता, तरी रस्त्यालगतच्या शेतातला उंच मका जोरात हलत होता.

“थांबलात फार छान,” आजोबा म्हणाले. “मग पडलात कशाला?”

त्यांची बोली निम्मी कळत होती, पण हे पूर्ण कळलं.

मी उठले, त्यांना हे सगळं काय आहे ते विचारलं. तर त्यांचा नव्वदावा वाढदिवस होता. घरच्या अंगणात सावली होती आणि त्यांना ऊन हवं होतं, समोरची दरी दिसायला हवी होती. या रस्त्यावर रविवारी कोणी येत नाही, म्हणून खुर्ची इथे. आणि जमलेले लोक चारपेक्षा बरेच जास्त होते. तेवढ्यात टेकडीमागून शिट्ट्या ऐकू आल्या, कोणीतरी वर जाऊन बघितलं तर मोटरसायकलवर पिवळ्या जाकिटातल्या दोन आकृत्या. पोलीस आले म्हणून सगळे जण मक्यात पळाले. आजोबांना पळता येत नव्हतं, म्हणून ते राहिले.

आजोबा मक्याकडे वळून ओरडले, “या बाहेर. पोलीस नाहीत. बायका आहेत.”

एकेक करून लोक बाहेर आले, केसात मक्याची पानं, एकाच्या हातात अख्खा फ्रूट टार्ट. आजोबांची मुलगी सगळ्यात पुढे होती, साठीची, उंच, रागाने लाल झालेली.

“शिट्टी कशाला वाजवली तुम्ही? आमच्या काकूच्या घोट्याला लागलं पळताना.”

एरवी मी सॉरी म्हणाले असते. या देशात आल्यापासून मी टेबलालासुद्धा सॉरी म्हणते. पण त्या दिवशी मी चिखलाने माखलेली होते आणि माझी चूक नव्हती.

“तुम्ही वळणावर वडिलांची खुर्ची कशाला मांडली?” मी म्हणाले. “मी हळू आले. दुसरं कोणी हळू येईल कशावरून? वरून काही दिसत नाही. एकदा वर जाऊन बघा.”

बाई तशाच निघाल्या. चढून टोकापर्यंत गेल्या, मागे वळून बघितलं आणि तिथेच उभ्या राहिल्या. खाली आल्या तेव्हा चेहऱ्यावरचा लाल रंग उतरला होता. त्यांनी खुर्चीची पाठ धरली, दोन पुरुषांनी पाय धरले, आणि आजोबांना मुकुटासकट अंगणाच्या फाटकात नेऊन ठेवलं. टेबलही गेलं. आजोबा कुरकुरले, “ऊन गेलं माझं.” मुलगी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “बाबा, आज तुम्ही सावलीतच बसा.” मी मान खाली घालून हेल्मेट पुसायला लागले, म्हणजे तिच्याकडे बघावं लागणार नाही.

आता मोटरसायकल उभी करायची होती. मला आणि सासूबाईंना ती हलेना. मदत करायला सगळेच तयार होते, पण दीड मीटर लांबून. एकाने दोर आणला. दुसऱ्याने फळी आणून लांबून खुपसून पाहिली. घोट्याला लागलेल्या काकूंनी सुचवलं की प्रत्येकाने एकेकटं येऊन थोडं थोडं उचलावं. यावर बरीच चर्चा झाली. मी भाषांतर करून सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे मक्यात एकत्र लपलेले चालतात आणि गाडी एकत्र उचललेली नाही?”

मी तेही भाषांतर करून टाकलं. मग आजोबा फाटकातून हसायला लागले, इतके की मुकुट डोळ्यांवर आला.

सासूबाईंनी शिट्टी मारली. ज्या आवाजात साताऱ्याच्या कित्येक पिढ्या ताठ उभ्या राहिल्या त्या आवाजात त्यांनी शुद्ध मराठीत हुकूम सोडला, “मास्क लावा. तू आणि तू, हँडल. तुम्ही दोघं, मागे. एक, दोन, तीन.” मराठी कोणालाच येत नव्हतं. मोटरसायकल तिसऱ्या आकड्याला उभी होती. एक आरसा तुटला, बाकी काही नाही.

मग आम्हाला टार्ट मिळाला. मुलगी ताटली भिंतीवर ठेवून मागे सरकायची, मग आम्ही पुढे जाऊन ती घ्यायची. सासूबाईंनी आजोबांना लांबूनच नमस्कार केला आणि हात न लावता शुभेच्छा द्यायची ही पद्धत सगळ्यांना फार आवडली. थोड्याच वेळात मक्यातून आलेले सगळे एकमेकांना हात जोडत होते.

फोन वाजला. मिलिंद.

“तुमचा ठिपका केव्हाचा हलत नाहीये.”

“थांबलोय.”

“का?”

“टार्ट खायला. चेरीचा आहे.”

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा तो दारातच उभा होता. त्याने तुटलेला आरसा पाहिला, माझ्या पाठीवरचा चिखल पाहिला, आईच्या हेल्मेटातून डोकावणारं गवत पाहिलं.

“पडलात तुम्ही.”

“पडलो नाही,” सासूबाई म्हणाल्या. “थांबलो होतो. नंतर पडलो.”

“थांबल्यावर कोण पडतं?”

मी त्याला सगळं सांगितलं. चढ, आवळणारं वळण, खुर्ची. खुर्चीपाशी आल्यावर तो हसायचा थांबला. मग आत गेला, चहा टाकला, तिघांचा, आणि तक्त्यांचा विषय त्या दिवसानंतर त्याने काढला नाही. एकदाच म्हणाला, “विकायची का गाडी?” सासूबाईंनी त्याच्या पाठीत बोट खुपसलं. तो सरळ बसला.

दादाला मी त्याच संध्याकाळी फोटो पाठवला. सासूबाई, मी, लाल मोटरसायकल आणि कागदी मुकुटातले एक गृहस्थ. त्याचं उत्तर दोन दिवसांनी आलं, “किती अॅव्हरेज देते?”

मग विमानं सुरू झाली तरी सासूबाईंनी तिकीट दोनदा पुढे ढकललं. तोवर लिम्बुर्गमधली एकही टेकडी आम्ही सोडली नाही. धुकं, पानगळ, ट्रॅक्टर, मेंढ्या, एकदा तर खरोखरची गाय, झोपलेली. प्रत्येक ठिकाणी वेळेवर वेग कमी केला, प्रत्येक ठिकाणी दिसेल तेवढ्यात थांबले, आणि कुठेही ओरखडा नाही. मोटरसायकल मुलींना पेलते, हे मी कोणालाही ठणकावून सांगायला तयार आहे.

पडते ती मी फक्त आमच्या दारासमोर, गाडी लावताना. तिथे चढ नाही, वळण नाही, आणि समोरचं सगळं अगदी लख्ख दिसतं. शेजाऱ्यांनाही.